ट्रॅक्टरचा डिझेल पंप : आधी दुखणे ओळखा, मग पाना उचला



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर कोस-दोन कोसांवर एक तरी ट्रॅक्टर बॉनेट उघडून उभा असलेला दिसतो. मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या, चाकांखाली धोंडे, आणि ड्रायव्हर इंजिनात डोके घालून बसलेला. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "डिझेल घेत नाय." मग मिस्त्री येतो. तो दोन मिनिटे स्टार्टर मारून बघतो आणि सांगतो, "पंप गेला." कोणता पंप गेला, कशाने गेला, हे ना मालक विचारतो ना मिस्त्री सांगतो. पंप उतरतो, तालुक्याला जातो, तीन-चार दिवसांनी परत येतो, आणि पुष्कळ वेळा ट्रॅक्टर त्याच वळणावर पुन्हा बंद पडतो.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा हे आपण सारे जाणतोच. ट्रॉलीत वाळणाऱ्या उसाचे वजनही घटते आणि साखरही. म्हणजे पंपाचा खर्च वेगळा आणि काट्यावरची तूट वेगळी. त्यातून चढावर इंजिन बंद पडले तर गोष्ट नुसती पैशाची राहात नाही. पॉवर स्टीअरिंगवाल्या ट्रॅक्टरचे स्टीअरिंग इंजिन बंद होताच जड होते, आणि आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून या वेळी डिझेल पंपाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. वाचून कोणी मिस्त्री होणार नाही, पण मिस्त्री काय करतो आहे एवढे तरी समजावे.

पंप दोन असतात

पहिली गोष्ट हीच की "पंप गेला" या शब्दाला तसा काही अर्थ नाही. बहुतेक ट्रॅक्टरवर दोन पंप असतात. एक छोटा. त्याला कोणी फीड पंप म्हणतात, कोणी लिफ्ट पंप. त्याचे काम टाकीतून डिझेल ओढायचे आणि फिल्टरमधून पुढे ढकलायचे, एवढेच. दुसरा मोठा, ज्याला मिस्त्री लोक एफ.आय.पी. म्हणतात. तो डिझेल मोजून, वेळ साधून, नोझलकडे पाठवतो. नोझल उघडायलाच दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाब लागतो. छोट्या पंपाचा दाब याच्यापुढे काहीच नाही. पडद्याच्या म्हणजे डायाफ्रामच्या पंपाचा अर्ध्या किलोच्या आसपास, आणि प्लंजरच्या पंपाचा एक-दीड किलो. छोट्याची दुरुस्ती काही शेकड्यांत होते, मोठ्याची हजारांत जाते. आणि छोटा उपाशी ठेवतो म्हणून मोठा बदनाम होतो, असे आमच्या वाहन विभागात वर्षानुवर्षे दिसते.

डिझेलचा रस्ता एकदा डोळ्यांसमोर आणावा. टाकी, टाकीचा कॉक, जाळी आणि काचेचा कप, छोटा पंप, पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, मोठा पंप, लोखंडी नळ्या, नोझल. उरलेले डिझेल परतीच्या नळीने मागे येते. आपल्या शेतातल्या पाटासारखेच हे आहे. शेवटच्या सरीला पाणी पोचत नसेल तर आपण आधी सरी उकरत नाही, मोटेपासून बघत येतो. इथेही टाकीपासूनच बघत यावे. मिस्त्री मात्र उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण मोठे काम तिकडे असते. सगळेच तसे करतात असे आमचे म्हणणे नाही.

काही छोट्या आणि जुन्या ट्रॅक्टरांत टाकी उंचावर असते आणि छोटा पंप मुळी नसतोच, डिझेल आपसूक खाली येते. अशांनी पंपाचा भाग सोडून टाकीचा आणि फिल्टरचा तेवढा वाचावा.

लक्षणे काय सांगतात

उपाशी इंजिन कसे वागते? रिकामे असताना नीट चालते, पण ट्रॉली जोडून चढाला लागले की आवाज खाली जातो, दम तोडते, आणि ॲक्सिलरेटर दाबूनही उठत नाही. किंवा सुरू होते, दोन-चार मिनिटे चालते, आचके देते आणि बंद पडते. किंवा रात्रभर उभे राहिल्यावर सकाळी चालू होत नाही, हाताने पंप मारला की मग एका झटक्यात लागते. यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

धुराकडे लक्ष द्यावे. इंजिन काळा धूर ओकत दम तोडत असेल तर डिझेल कमी पडत नाही, हवा कमी पडते आहे किंवा नोझल नीट फवारत नाही. अशा वेळी एअर क्लीनर बघावा. उसाच्या फडातला आणि रस्त्यावरचा फुफाटा त्याच्यात किती बसतो हे सांगायला नको. डिझेल कमी पडलेले इंजिन काळा धूर टाकत नाही, ते नुसते मरगळते.

दुसरी खूण टाकीतल्या पातळीची. टाकी भरलेली असताना ट्रॅक्टर बिनतक्रार चालतो आणि निम्म्यावर आली की कुरकुर सुरू होते, असे असेल तर छोट्या पंपाचा जोर गेला आहे किंवा त्याच्या अलीकडे कुठेतरी हवा शिरते आहे. भरलेल्या टाकीतले डिझेल वजनाने पुढे येते आणि पंपाचे दुखणे झाकते. कित्येक ड्रायव्हर यावर तोडगा म्हणून टाकी कायम भरलेली ठेवतात. तो तोडगा चार दिवस चालतो.

टाकीपासून सुरुवात

टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले की डिझेल जसजसे कमी होईल तसतशी टाकीत ओढ तयार होते आणि पंप कितीही चांगला असला तरी डिझेल खेचता येत नाही. याची खूण फार सोपी आहे. ट्रॅक्टर वीस-तीस मिनिटे चालून बंद पडतो, थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होतो. बंद पडल्याबरोबर झाकण सैल करावे. सुस्स आवाज येऊन हवा आत गेली तर दुखणे सापडले.

गेल्या काही हंगामांत आमच्या यार्डात असा एक ट्रॅक्टर आला होता की त्याचा मोठा पंप दोनदा उतरवून झाला होता, नोझलही बदलले होते. मूळ झाकण हरवले म्हणून टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद घालून वरून दुसऱ्या कसल्याशा डब्याचे झाकण आवळून बसवले होते. कागद काढला आणि ट्रॅक्टर दिवसभर चालला. पंपाच्या दुकानाचे बिल मालकाने भरलेलेच होते.

झाकण ठीक असेल तर कॉक आणि जाळी बघावी. डिझेल आपण कॅनमधून आणतो, फडक्यातून गाळतो, त्या फडक्याचे धागे, कॅनच्या तळाची माती, टाकीतला गंज, सगळे त्या जाळीवर येऊन बसते. पंपाकडे जाणारी नळी पंपापाशी सोडून कॉक उघडावा. टाकी पंपाच्या वर असेल तर डिझेल धारेने यायला पाहिजे. ठिबकत येत असेल तर अडथळा पंपाच्या मागे आहे. नळीत तोंडाने फुंकण्याची सवय बरी नव्हे. डिझेल तोंडात जाते, आणि छातीत गेले तर ते दुखणे पंपापेक्षा महागात पडते. टायरला हवा भरायचा हातपंप लावावा, झाकण उघडे ठेवून.

काचेच्या कपात तळाला पाणी दिसते का ते रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी बघावे. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसते. रात्री अर्धी रिकामी टाकी थंड झाली की आतल्या हवेतले दंव भिंतींवर धरते आणि खाली उतरते, म्हणून डिझेल सकाळी न भरता संध्याकाळी काम सुटल्यावर भरावे. मोठ्या पंपातले भाग इतके बारीक मापाचे असतात की पाण्याने धरलेला थोडासा गंजही त्यांना पुरतो.

हवा कोठून येते

"एअर पकडली" हा शब्द आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. पण हवा शिरते कोठून, हे शोधताना बहुतेकांची एक गल्लत होते. लोक डिझेल कुठे गळते ते शोधतात. आता बघा, टाकीपासून छोट्या पंपापर्यंत पंप ओढत असतो. त्या भागात फट असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सगळे कोरडे ठणठणीत दिसते आणि एअर मात्र रोज येते. पंपाच्या पुढे पंप ढकलत असतो. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर झिरपते. म्हणून इंजिन ओले असेल तर पंपाच्या पुढे बघावे, कोरडे असून एअर येत असेल तर मागे. मागच्या बाजूला बघण्यासारखी ठिकाणे तीनच. रबरी नळीला गेलेल्या चिरा, कपाचे पॅकिंग, आणि बँजो बोल्टाचे तांब्याचे वायसर. एकदा आवळलेले वायसर दुसऱ्यांदा तितके नीट बसत नाही, नवेच घालावे. त्यावर साबण किंवा एम-सील थापून हंगाम काढणारे आहेत, त्यांचे निम्मे दिवस एअर काढण्यात जातात.

शंका असेल तर पंप आणि पहिला फिल्टर यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी बसवून इंजिन चालवावे. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

छोट्या पंपाची परीक्षा

एवढे बघून झाले आणि सगळे ठीक निघाले, तर आता पंपाकडे यावे. डायाफ्रामचा पंप इंजिनाच्या अंगाला दोन किंवा चार बोल्टांनी बसवलेला असतो. कॅमचा फुगवटा त्याच्या आर्मला ढकलतो, आर्म पडदा खाली ओढतो, डिझेल आत येते, आणि स्प्रिंग पडदा वर ढकलते तेव्हा ते पुढे जाते. दोन झडपा डिझेल मागे फिरू देत नाहीत. प्लंजरचा पंप मोठ्या पंपाच्या अंगावरच असतो आणि त्याला वर-खाली करण्याची स्क्रूची मूठ असते.

डायाफ्रामच्या पंपाला हाताने मारायची एक छोटी पट्टी असते. ती हलवून बघितली आणि ढिली लागली की "पंप बसला" असा निकाल ताबडतोब दिला जातो. पण इंजिन थांबताना कॅमचा फुगवटा आर्मवरच येऊन थांबला असेल तर पडदा आधीच ओढलेला असतो आणि पट्टीला काम उरत नाही. चांगला पंपही अशा वेळी मेलेला वाटतो. इंजिन एक फेरा फिरवावे आणि पुन्हा पट्टी मारावी. नुसत्या एवढ्याशा गोष्टीपायी भंगारात गेलेले चांगले पंप आम्ही पाहिले आहेत.

पट्टी भक्कम लागत असेल, पण फिल्टरच्या पुढे डिझेल येत नसेल, तर पंप नव्हे फिल्टर तुंबला आहे. फिल्टरच्या आधीची नळी सोडून धार बघावी, मग पुढची सोडून बघावी. आधी जोर आहे आणि पुढे नाही, की झाला निकाल. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा घालू नये. धुतल्याने तो साफ दिसतो, पण कागद फुगतो, फाटतो, आणि मग गाळण्याचे सोंग तेवढे राहते.

खरी परीक्षा अशी. पंपाच्या पुढची नळी सोडावी, तिच्या जागी एक नळी लावून स्वच्छ बाटलीत सोडावी. इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी, म्हणजे इंजिन लागणार नाही, आणि स्टार्टर मारावा. क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे डिझेलची जोरदार उडी बाटलीत पडली पाहिजे. लोंबकळत ठिबकले, किंवा फेस आला, तर पंपात किंवा त्याच्या मागे दोष आहे. पंप उतरवला असेल तर आत येणाऱ्या तोंडावर बोट दाबून पट्टी चार-सहा वेळा मारावी आणि बोट काढावे. चुक्क असा ओढ सुटल्याचा आवाज आला पाहिजे. बाहेर जाणाऱ्या तोंडावर बोट दाबून पट्टी मारून सोडली, तर दोन-चार सेकंद तरी हवेचा दाब बोटाला जाणवला पाहिजे. लगेच गेला तर झडप धरत नाही. झडपेत पुष्कळदा नुसता कचऱ्याचा कण अडकलेला असतो. डिझेलमध्ये धुतला की पंप पुन्हा नवा.

प्लंजरच्या पंपात हाच कचरा झडपेखाली बसतो, आणि दुसरे म्हणजे हाताची मूठ वापरून झाल्यावर घट्ट फिरवून बसवायची राहून जाते. तिथून हवा ओढली जाते. एअर काढून इंजिन लागले या आनंदात ती मूठ तशीच सोडणारे फार.

तरीही मोठ्या पंपाविषयी शंका राहिलीच, तर शेतातल्या शेतात एक उपाय आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलने भरून इंजिनाच्या वर हातभर उंच टांगावा आणि त्याची नळी सरळ पहिल्या फिल्टरच्या तोंडाला जोडावी. छोट्या पंपाचे तोंड बंद करावे. एअर काढून इंजिन सुरू करावे आणि जागेवरच त्याचे आर.पी.एम. वाढवून बघावे. नीट चालले तर मोठा पंप आणि नोझल यांच्याकडे बोट दाखवायचे कारण उरले नाही. तरीही नाही चालले, तर मात्र पंप उतरवून कॅलिब्रेशनला न्यावा. कॅन टांगूनच उसाची खेप आणायचे धाडस कोणी करू नये. गरम सायलेन्सरवर डिझेल सांडायला एक खड्डा पुरतो.

ऑइलची पातळी वाढली तर

सगळ्यांत महत्त्वाचे आता. इंजिनातले ऑइल कमी होते, वाढत नाही. सकाळी पट्टी बघताना ऑइल खुणेच्या वर दिसले, पातळ लागले, डिझेलचा वास आला, तर "बरे झाले, ऑइल खात नाही" असे म्हणून पट्टी परत घालू नये. पडदा फाटला की डिझेल आर्मच्या वाटेने चेंबरमध्ये उतरते. ट्रॅक्टर कदाचित चालतच राहील, कारण फाटका पडदाही थोडे डिझेल पुढे पाठवतो. पण डिझेल मिसळलेल्या ऑइलला बेअरिंग आणि क्रँक सांभाळण्याची ताकद राहात नाही. शंभराच्या पडद्यासाठी इंजिन खोलावे लागल्याची उदाहरणे आपल्याच कार्यक्षेत्रात आहेत. असे ऑइल दिसले की ट्रॅक्टर तिथेच उभा करावा. भरलेली ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडून द्यावी. ती पोचेल.

पुष्कळ पंपांच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवलेले असते. त्यातून डिझेल ठिबकत असेल तर पडदा गेला असे समजावे. ते भोक काडी खोचून बुजवू नये, ते गळण्यासाठीच आहे. ते बुजवले की डिझेल आतल्या बाजूला जाते.

डिझेल ऑइलमध्ये उतरण्याचे पडदा हे एकच कारण नव्हे, मोठ्या पंपाचे शाफ्टचे सीलही जाते. फरक ओळखण्यासाठी छोटा पंप नळ्या न सोडता इंजिनापासून वेगळा करावा आणि पट्टी मारावी. आर्मच्या बाजूने डिझेल टपकले तर पडदा. कोरडे राहिले तर मोठ्या पंपाचे सील बघावे.

किट की नवा पंप

आर्म, पिन आणि बॉडी यांत खेळ नसेल तर किट पुरते. पडदा, झडपा, स्प्रिंग, पॅकिंग त्यात येते. पंप खोलण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या भागावर कानसीने एकच रेघ मारून ठेवावी, म्हणजे बसवताना तोंडे फिरत नाहीत. दोन झडपा एकमेकींच्या उलट बसतात. उतरवण्यापूर्वी कोणती कशी होती ते पाहून ठेवावे. पडद्याचे स्क्रू पट्टी पूर्ण दाबून, म्हणजे पडदा ताणलेला असताना, आळीपाळीने समोरासमोरचे आवळावेत. तसे न केल्यास पडदा आखूड पडतो आणि महिन्याभरात काठाला फाटतो. पंपाचा दाब स्प्रिंग ठरवते, तेव्हा "जरा कडक" म्हणून दुसरी कुठली स्प्रिंग घालू नये. आर्मचे टोक झिजून खोलगट झाले असेल किंवा पिन खडखडत असेल तर किटवर पैसे घालू नयेत, नवाच पंप घ्यावा आणि जुना दुकानात नेऊन आर्मची लांबी व वळण जुळवून घ्यावे. वरून सारखे दिसणारे पंप आर्मला वेगळे असतात.

पंप बदलताना

आधी पंपाचा भोवताल डिझेलने आणि ब्रशने धुऊन काढावा. पंप निघाला की तिथे सरळ इंजिनात जाणारे भोक उघडे पडते. कॉक बंद करावा, नळ्या सोडताना एक पाना नटाला आणि दुसरा पंपाच्या जोडाला लावावा, नाहीतर पितळी जोड पिळून जातो. बोल्ट सैल करण्यापूर्वी इंजिन फिरवून आर्मवरचा जोर कमी करून घ्यावा. जुने पॅकिंग खरवडताना भोकात स्वच्छ फडके कोंबावे. आणि ते नंतर काढावे, हेही लिहून ठेवतो.

नवा पंप बसवताना आर्म कॅमच्या बरोबर अंगावर आला पाहिजे, बाजूला किंवा मागे नाही. हाताने दाबला की स्प्रिंगचा जोर जाणवतो आणि बोट सोडले की पंप थोडा बाहेर येतो, हे बरोबर. पंप हाताने जागेपाशी येतच नसेल आणि बोल्टांनी ओढून आणावा लागत असेल तर थांबावे. आर्म चुकीच्या जागी आहे, आणि इंजिन फिरताच तो मोडून आत पडेल. पॅकिंग जुन्याच्या जाडीचेच हवे. दोन-तीन पॅकिंग एकावर एक घातले तर आर्मला झोक कमी मिळतो आणि नवा पंपही जुन्यासारखाच वागतो. बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळत न्यावेत.

मग एअर काढणे. पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करून पट्टी मारत राहावी, फेस जाऊन अखंड धार आली की पट्टी मारता मारताच स्क्रू आवळावा. मग दुसरा फिल्टर, मग मोठ्या पंपावरचे स्क्रू, खालून वर. तरीही लागले नाही तर नोझलकडच्या नळ्यांचे नट एकेक अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारावा. एका वेळी पंधरा सेकंदांहून अधिक नको, मध्ये स्टार्टरला विश्रांती द्यावी. या वेळी नळीच्या तोंडासमोर हात किंवा चेहरा येऊ देऊ नये. नोझलची धार कातडी भेदून आत जाते. वरून सुईने टोचल्यासारखे दिसते, दुखतही नाही फारसे, आणि काही तासांत हात सुजून काळा पडू लागतो. असे झाले तर घरगुती इलाज न करता त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जावे आणि दाबाचे डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पडदा फाटून ऑइल बिघडले असेल तर पंप बसवल्यावर ऑइल आणि ऑइलचा फिल्टर दोन्ही बदलावेत. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पट्टी बघावी.

एक इशारा नव्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ चे धुराचे नियम लागू झाले आहेत. अशा पुष्कळ ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धत आहे आणि तिथला दाब हजार किलोच्याही वर जातो. वर सांगितलेले नोझलकडचे नट सैल करण्याचे काम त्यांच्यावर अजिबात करू नये. झाकण, जाळी, कप आणि फिल्टर एवढेच आपले, पुढचे कंपनीच्या माणसाचे.

मोटारगाडी असेल तर

काही सभासदांनी पेट्रोलच्या गाडीविषयीही विचारले आहे. जुन्या जीपचा आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा पंप वर सांगितलेल्या डायाफ्रामच्या पंपाचाच भाऊ आहे, परीक्षाही तीच. फक्त स्टार्टर मारून धार बघताना विडी-सिगारेट दूर, आणि ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढून ठेवावी. फाटक्या पडद्याने पेट्रोल ऑइलमध्ये उतरले तर आगीचा धोका आणखी वेगळा.

हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप विजेचा असतो आणि टाकीतच बुडालेला असतो. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं असा आवाज येतो. तो येत नसेल तर पंपाआधी फ्यूज बघावा, मग रिले, मग प्लगची वायर. या तीन गोष्टींत पुष्कळ गाड्या सुटतात. आवाज येतो पण गाडी चढावर गुदमरते, तापली की बंद पडते आणि थंड झाली की लागते, असे असेल तर गॅरेजवाल्याला दाब मोजायला सांगावे. बहुतेक गाड्यांत तो तीन ते चार किलो असावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. दाब न मोजता पंप बदलायला निघालेल्या माणसाला आम्ही तरी गाडी देणार नाही. या पंपाला थंड ठेवते ते त्याच्या भोवतीचे पेट्रोल, तेव्हा शंभर-शंभराचे टाकून काटा कायम तळाला ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जळतात. बदलताना टाकी निम्म्याहून रिकामी असावी, बॅटरीची वायर सोडलेली असावी, आणि काम बंद खोलीत न करता मोकळ्या अंगणात करावे. जोडाला नवीन रबरी रिंग घालावी आणि टाकीतली जाळी त्याच वेळी बदलून घ्यावी.